पुठ्ठ्याची तलवार दर वेळी मुठीशीच का मोडते? (आणि मुकुट, ढाल, पंख यांचंही तेच का होतं)

वेशभूषेसाठी पुठ्ठ्याची तलवार होते, तिला चंदेरी कागद लागतो, बाळराजे ती दोनदा हवेत फिरवतात आणि पातं मुठीच्या वर लोंबायला लागतं. यावर घरोघरी एकच उपाय चालतो: मोडलेल्या जागी खाकी टेपचे चार वेढे. त्यावर अर्धा तास निघतो. मग आणखी चार वेढे. शेवटी मुठीजवळ टेपचा गोळा तयार होतो आणि तलवार त्या गोळ्याच्या जरा वर पुन्हा वाकते.

फेविकॉल कमी पडला, पुठ्ठा हलका होता, मुलगाच दांडगट आहे, ही कारणं बहुतेक वेळा खोटी असतात. पुठ्ठा चुकीच्या दिशेने कापलेला असतो किंवा सगळे जोड एकाच जागी आलेले असतात. या दोन गोष्टी सुधारल्या तर त्याच खोक्यातून, त्याच फेविकॉलने केलेली तलवार स्पर्धेनंतरही महिनाभर घरात उच्छाद मांडते. तेवढी तयारी ठेवा.

आधी पन्हळ्या बघा

खोक्याचा साधा पुठ्ठा म्हणजे तीन कागद. वरचा सपाट, खालचा सपाट आणि मधला पन्हळी पत्र्यासारखा लाटा पाडलेला. कापलेल्या कडेकडून बघितलं की या लाटा दिसतात. पन्हळ्या ज्या दिशेने धावतात त्या दिशेने कापलेली पट्टी ताठ राहते. त्यांना आडवी कापलेली पट्टी पहिल्याच जोराला कुठल्या तरी एका पन्हळीवर दुमडते, आणि एकदा दुमडली की तिथे कायमची बिजागरी तयार झाली. वरून कितीही टेप लावा, आतली लाट परत उभी राहत नाही.

आता गंमत बघा. खोकं जमिनीवर ठेवलं की त्याच्या भिंतींतल्या पन्हळ्या उभ्या असतात, कारण गोदामात एकावर एक खोकी रचली की वरचं वजन त्यांनीच पेलायचं असतं. घरी ऑनलाइन खरेदीची येणारी खोकी बहुधा लांबट आणि बुटकी. तलवार लांब हवी म्हणून आपण साहजिकच खोक्याच्या लांब बाजूने पट्टी कापतो. ती नेमकी पन्हळ्यांना आडवी येते! म्हणजे मोडण्याची सोय आपण कात्री लावतानाच करून ठेवतो.

उपाय दोन. एक तर उंच खोकं शोधा. टीव्ही, उभा पंखा, फ्रिज यांची खोकी विजेच्या वस्तूंच्या दुकानात मागितली तर मिळतात, रद्दीवाल्याकडेही असतात. उंच खोकं नाहीच मिळालं तर आखूड पण योग्य दिशेचे तुकडे कापून थरांमध्ये जोडा. ते कसं, ते पुढे सांगतो. कापण्याआधी प्रत्येक तुकड्यावर पेन्सिलने पन्हळ्यांच्या दिशेचा बाण काढायचं काम मुलांकडे द्या. चार-पाच वर्षांच्या मुलालाही ते जमतं, आणि ‘हा आडवा आहे, हा नको’ असं आपल्यालाच सुनावायला मिळाल्यामुळे ती खुशीत असतात.

खोक्याला आधीच पडलेल्या घड्या आणि दबलेल्या जागा टाळा. पोस्टातून चेपून आलेलं खोकं वरून सपाट दिसतं, पण आतल्या लाटा मेलेल्या असतात. अंगठ्याने दाबून बघा. भुसभुशीत लागलं तर तो भाग मुखवट्याला वापरा, तलवारीला नको.

तलवार

पुठ्ठ्याची दिशा बरोबर असूनही तलवार मुठीशी मोडत असेल तर परज तपासा. मूठ आणि पातं यांच्या मधला आडवा भाग म्हणजे परज. तो बसवण्यासाठी बहुतेक जण पात्याला दोन्ही बाजूंनी खाच पाडतात आणि परज त्या खाचेत अडकवतात. हवेत तलवार फिरवली की सगळा ताण येतो तो मुठीच्या लगेच वर, आणि तिथेच आपण पात्याची रुंदी निम्मी करून ठेवलेली असते. खाच परजेला पाडा, पात्याला नको. परजेच्या मधोमध पात्याच्या रुंदीएवढी आणि जाडीएवढी चीर कापा आणि परज मुठीकडून वर सरकवा. पातं अखंड राहिलं पाहिजे.

थरांबद्दल. एका पट्टीची तलवार टिकत नाही. तीन थर हवेत. पण तीन पट्ट्या नुसत्या एकमेकींवर ठेवून टोकाला आणि मुठीला टेप लावली तर वाकवताना त्या एकमेकींवरून घसरतात, आणि ताठपणा फक्त तिप्पट होतो. त्याच पट्ट्या पूर्ण पृष्ठभागावर चिकटल्या तर त्यांना घसरता येत नाही. जाडी दुप्पट झाली की ताठपणा ढोबळमानाने आठपट होतो, असा हिशेब आहे. म्हणून फेविकॉलचे ठिपके ठेवू नका; जुन्या कार्डाने तो सगळीकडे पातळ पसरवा, वर फळी आणि वह्यापुस्तकांचा गठ्ठा ठेवा आणि रात्रभर विसरून जा. अर्ध्या तासात पट्ट्या हलायच्या थांबतात, तेवढ्यावर मुलं तलवार उचलतात आणि थर वाकडेच चिकटतात. पूर्ण जोर यायला एक दिवस लागतो.

मधला थर टोकापासून मुठीच्या शेवटापर्यंत सलग घ्या. सलग तुकडा मिळत नसेल तर जोड देताना एका थराचा जोड दुसऱ्या थराच्या जोडावर कधीही येऊ देऊ नका. निदान एक वीत अंतर ठेवा. मुठीपासून एक वीतभर पात्यात तर एकही जोड नको. मधल्या थरात पतंगाला लावतात तशी बांबूची कामटी घातली की काम आणखी पक्कं होतं, पण ती टोकापासून चार बोटं आधीच थांबवा आणि तिची टोकं कागदाने गुंडाळा. पुठ्ठा मोडला तरी कामटी बाहेर यायला नको.

मुलांच्या डोक्यात तलवार म्हणजे वाकडी. वाकडं पातं कापलं की पन्हळ्या तिरक्या तुटतात आणि टोकाकडचा भाग कमकुवत होतो. मराठ्यांच्या वापरात सरळ पात्याची धोपही होती, ही माहिती इथे उपयोगी पडते. ‘आपण धोप करू’ म्हटलं की तक्रार येत नाही, उलट मुलगा वर्गात चार जणांना समजावून सांगतो. लांबीवरही हात आवरा. पाच-सहा वर्षांच्या मुलाला मुठीसकट अर्धा मीटर पुरे. जितकी लांबी जास्त तितका मुठीशी ताण जास्त, शिवाय शेजारच्या मावळ्याचा डोळा. टोक गोलच ठेवा.

आणि मोडलेलीच दुरुस्त करायची असेल तर? भोवती वेढे देण्यात अर्थ नाही. मोडलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना, उभ्या पन्हळ्यांचे, वीतभर लांब दोन तुकडे हाड बसवताना बांधतात तसे फेविकॉलने बसवा, कपड्यांचे चिमटे लावा, आणि वाळल्यावर वरून दोऱ्याने घट्ट गुंडाळा. कागद पुन्हा चढवला की दिसत नाही.

मुकुट

मुकुटाच्या तक्रारी दोन: आधी बसत नाही, आणि बसला की घसरून नाकावर येतो.

बसत नाही याचं कारण जाडी. पाच ते आठ वर्षांच्या मुलांच्या डोक्याचा घेर साधारण ५० ते ५३ सेंटीमीटर असतो. आपण टेपने ५१ मोजतो, ५१ची पट्टी कापतो आणि गोल करतो. बाहेरचा कागद ताणत नाही, आतला सुरकुततो, म्हणजे आतला घेर कमी होतो. ३ मिलिमीटर जाडीच्या पुठ्ठ्यात हा फरक जवळजवळ २ सेंटीमीटर भरतो. म्हणून डोक्याचा घेर, अधिक २ सेंटीमीटर जाडीचे, अधिक १ आतल्या अस्तराचा, अधिक एकमेकांवर चढवायला ४. पातळ पुठ्ठा, म्हणजे कॉर्नफ्लेक्सच्या किंवा मिठाईच्या खोक्याचा, वापरला तर जाडीचे २ सोडून द्या.

त्याहून शहाणपणाचा मार्ग म्हणजे मागची बाजू बंदच करू नये. पाच-सहा सेंटीमीटरची फट ठेवून तिथे रुंद इलॅस्टिक शिवा. दाभणाने पुठ्ठ्याला भोकं पाडली की साध्या सुई-दोऱ्यानेही शिवता येतं. पुढच्या वर्षीही मुकुट चालतो.

मुकुटात पन्हळ्या उभ्या हव्यात. मग पट्टी डोक्याभोवती सहज वळते आणि वरची टोकंही ताठ उभी राहतात. पन्हळ्या आडव्या आल्या तर दोन-तीन ठिकाणी कोन पडतात, मुकुट चौकोनी होतो आणि टोकं पुढे माना टाकतात. पट्टी बरोबर कापूनही कोन पडत असतील तर आतली बाजू वर ठेवून तिच्यावरून लाटणं जोर देऊन फिरवा, मग पट्टी त्याच लाटण्याभोवती गुंडाळून सोडा. सगळ्या पन्हळ्या थोड्या थोड्या वाकतात, एकच मोडत नाही.

नाकावर येतो त्याचं कारण घेर नसतं. डोकं वर निमुळतं आहे, आणि नुसत्या कड्याला अडवायला कान सोडून काही नाही. आतून जुन्या साडीच्या काठाच्या दोन पट्ट्या फुलीसारख्या ताणून शिवा, म्हणजे मुकुट टाळूवर टेकतो. बांधकामावरच्या कामगारांच्या हेल्मेटच्या आत बघा, तिथेही हेच आहे. जिरेटोप करायचा असेल तर ही फुली लागतेच, कारण वरचं कापड तिच्यावर बसतं.

मंचावर दिव्यांखाली उभं राहिलं की घाम येतो आणि पोस्टर कलर कपाळावर ओघळतो. हे रंग पाण्यात विरघळतात, वाळल्यावरही. आतून सुती कापडाची पट्टी हवी, आणि कपाळाला टेकणाऱ्या कडेवरूनही ती बाहेर बोटभर वळवा. चमकी मुकुटाच्या खालच्या निम्म्या भागात लावू नका, डोळ्यांत जाते.

ढालीची मूठ उचकटते

तुटलेली मूठ हातात घेऊन उलटी करा. तिला पुठ्ठ्याचा तपकिरी पापुद्रा चिकटलेला दिसेल. म्हणजे गोंद सुटलेला नाही, गोंदाने धरून ठेवलेला कागद फाटला आहे. इथे जास्त चांगला गोंद आणून काहीही उपयोग नाही, अगदी ग्लू गनचाही. सपाट कागदावर चिकटवलेली कुठलीही गोष्ट ओढली की तो कागद सोलून निघणारच.

खऱ्या ढालीत याची सोय कशी होती ते बघण्यासारखं आहे. ढाली चामड्याच्या, गेंड्याच्या किंवा म्हशीच्या कातड्याच्याही असत. त्यांच्या दर्शनी बाजूला जी चार फुलं दिसतात ती नुसती शोभा नाही. आतल्या बाजूला मूठ धरण्याची कडी ज्या खिळ्यांनी बसवलेली असतात, ते खिळे या फुलांखाली असतात. ओढ सगळ्या जाडीतून पलीकडे जाऊन फुलावर येते.

आपणही तेच करायचं. पाच प्लायचा, म्हणजे पाच कागदांचा, जाड पुठ्ठा गोल कापा, चार भोकं पाडा, मागच्या बाजूला सुतळीचे किंवा जुन्या नाडीचे दोन फास घ्या, एक मनगटाच्या वर, एक मुठीत धरायला. सुतळी भोकांतून पुढे काढून बाटलीच्या झाकणाला पाडलेल्या भोकांतून ओवा आणि गाठ मारा. झाकणावर सोनेरी रंग दिला की फूल तयार. झाकणाऐवजी दुहेरी पुठ्ठ्याचा रुपयाएवढा तुकडाही चालतो. दोन फासांच्या मध्ये कापडाची छोटी गादी चिकटवा, खऱ्या ढालींतही ती असते, बोटांची सालं वाचवायला.

ढाल सपाट दिसते, फुगीर हवी असेल तर कडेपासून मध्यापर्यंत एक चीर देऊन दोन कडा तीन-चार सेंटीमीटर एकमेकांवर चढवा. फक्त हे मूठ बसवण्याआधी करा.

पंख

पंख खाली लोंबतात कारण पट्टे फार खाली लावलेले असतात आणि पंखांचं वजन पाठीपासून दूर असतं. पट्टे खांद्याच्या रेषेच्या वर सुरू झाले पाहिजेत आणि पंखांमध्ये पन्हळ्या बाहेरच्या दिशेने धावल्या पाहिजेत. सगळ्यात झटपट उपाय: जुन्या दप्तराचे पट्टे. मागे पाठीएवढी उभी पट्टी, तिला पट्टे शिवलेले, तिला पंख बांधलेले. पट्टा किंवा दोरी गळ्याभोवती मात्र कधीच नको, खांद्यांवरूनच. आणि पंख घातलेल्या परीला समई-निरांजनापासून चार हात लांब उभं करा.

रंग दिल्यावर सगळं वाकतं

कागद ओला झाला की पसरतो, वाळताना आकसतो, आणि आकसताना पुठ्ठ्याला आपल्या बाजूला ओढतो. म्हणून रंगवलेली बाजू आतल्या बाजूला वळते. दुसऱ्या बाजूला तेवढीच ओढ दिली की वस्तू सरळ राहते: पुढे चंदेरी कागद लावलात तर मागे वर्तमानपत्राचा कागद लावा, पुढे रंग दिलात तर मागेही एक हात द्या. आधीच वाकली असेल तर मागच्या, न रंगवलेल्या बाजूला ओल्या फडक्याने हलका हात फिरवा आणि सपाट वजनाखाली रात्रभर ठेवा. मैद्याच्या खळीने कागद लावत असाल तर खळ दाट आणि थर पातळ. पातळ खळ म्हणजे नुसतं पाणी.

खळीवरून आठवलं. पुस्तकं बांधणारे कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालत. मोरचूद विषारी आहे, मुलांची बोटं तोंडात जातात, तेव्हा घरी अजिबात नको. लगद्याच्या टोपल्या करणाऱ्या बायका कागदात मेथी वाटून घालायच्या, ते चालेल. जव्हार-मोखाड्याकडच्या बोहाड्यातले, म्हणजे मुखवटे घालून नाचण्याच्या उत्सवातले, मुखवटेही कागदाच्या लगद्याचे असतात. ज्यांना पन्हळ्यांचा कंटाळा आला असेल त्यांनी पुढचा मुखवटा लगद्याचा करून बघावा.

खाकी टेपवर पोस्टर कलर बसत नाही, थेंब थेंब होऊन जमतो. रंग द्यायचाच असेल तिथे कागदी मास्किंग टेप वापरा, किंवा टेपवर वर्तमानपत्राचा एक थर चढवा.

पावसाळ्यातली दिंडी

१९ फेब्रुवारीची शिवजयंती कोरड्या हवेत येते. आषाढीची शाळेतली दिंडी, गोकुळाष्टमी आणि १५ ऑगस्ट मात्र ऐन पावसात. पुठ्ठ्यातल्या पन्हळ्या स्टार्चच्या गोंदाने चिकटवलेल्या असतात. दमट हवेत कागदही मऊ होतो आणि तो गोंदही. फेब्रुवारीत उत्तम टिकलेली वस्तू कोकणात किंवा मुंबईत जुलैमध्ये दोन दिवसांत मान टाकते, त्यात तुमचा दोष नाही.

दिंडीत सगळ्यात जास्त हाल होतात ते वीणेचे. पुठ्ठ्याची पट्टी कापून केलेली दांडी मैदानात पोचेपर्यंत वाकते. पट्टी कापूच नका. कापडाच्या दुकानात ताग्याच्या आत पुठ्ठ्याची जाड नळी असते, ती मागून आणा. भोपळ्याचा भाग खोक्याचा करून नळी त्याच्या आरपार घाला, नुसती वर चिकटवू नका. रंग वाळल्यावर कापलेल्या कडांवर मेणबत्ती घासा, पाणी कडांमधूनच आत शिरतं. (हे शेवटी करायचं, मेणावर रंग चढत नाही.) फेविकॉल या दिवसांत वाळायला दुप्पट वेळ घेतो, पंख्याखाली ठेवा. घाईत असाल तर फडकं टाकून कोमट इस्त्री फिरवली तरी चालते. गॅसजवळ वाळवू नका.

आणि उद्याच हवं असेल तर

रात्री नऊ वाजता वर्गाच्या ग्रुपवर ‘उद्या वेशभूषा आहे, विसरू नये’ असा निरोप येतो. अशा वेळी फेविकॉल बाजूलाच ठेवा, त्याला वाळायला वेळ नाही. सगळे जोड खाच, सुतळी, टाके आणि टेप यांचे करा. ग्लू गन असेल तर ती मोठ्यांनीच हातात घ्यायची, आणि तिचा उपयोग मणी-आरसे लावण्यापुरता. तिचे जोड झटका बसला की टचकन सुटतात. रात्री नऊला तलवार करायला बसू नये. ढाल आणि मुकुट दीड तासात होतात, मुलं हिरिरीने काम करतात, आणि तलवारीशिवाय ढाल घेतलेला मावळा कुणालाही खटकत नाही.

कटर मोठ्यांनीच चालवायचा, खाली जाड पुठ्ठा किंवा जुना पाट ठेवून आणि एका घावात आरपार कापायचा हट्ट न धरता. दोन-तीन हलके घाव दिले की कड स्वच्छ येते आणि पन्हळ्याही दबत नाहीत. मुलांना बोथट टोकाची कात्री द्या, पण ती फक्त मिठाईच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर. खोक्याचा पुठ्ठा त्यांनी कात्रीने कापायला घेतला की तो चघळल्यासारखा होतो आणि मुलं कंटाळतात.

कार्यक्रम झाल्यावर मुकुटाचं इलॅस्टिक एका बाजूने सोडून तो सपाट ठेवा, ढालीच्या आत जुनं कापड भरा, सगळं उन्हात तासभर तापवून प्लास्टिकच्या पिशवीत बांधा. खळ लावलेल्या वस्तूंवर झुरळं येतात, म्हणून त्या पिशवीला भोक नको, आणि ती माळ्यावर टाकताना वर गाद्या रचू नका.